शुगर नॉर्मल, तरी माठभर पाणी पुरत नाही : डायबेटिस इन्सिपिडस म्हणजे काय, आणि खान्देशात मदत कुठं मिळते

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की दिवसभरात माठ रिकामा करणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. ऊनच तसं आहे म्हणून घरचे सोडून देतात. पण दिवाळी झाली, थंडी पडली, रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणारे लोक बांधावर शेकोटी पेटवू लागले, तरीही घरातलं एखादं माणूस रात्रीतून चार-पाच वेळा उठून तांब्याच्या तांब्या पाणी पीत असेल आणि तितक्याच वेळा लघवीला जात असेल, तर ते ऊन नव्हे. "पोऱ्या रातभर पानी पेस" अशी तक्रार घेऊन आई दवाखान्यात जाते. बोटाला सुई टोचून शुगर बघतात, ती नॉर्मल निघते आणि 'काही नाही, सवय आहे' म्हणून पोराला घरी पाठवलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. काही वेळा मात्र ती सवय नसते, डायबेटिस इन्सिपिडस असतो.

हा आजार दुर्मिळ आहे. साधारण २५ हजारांत एकाला होतो असा जगभरचा अंदाज सांगितला जातो. म्हणजे आपल्या प्रत्येक तालुक्यात असे मोजकेच लोक असणार, आणि त्यातल्या काहींना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसणार.

नावातला घोटाळा

डायबेटिस म्हटलं की साखर, हे समीकरण आता गावोगावी पक्कं झालंय. या आजारात साखरेचा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे आरपार वाहून जाणं. शरीरातून पाणी वाहून जातं म्हणून डायबेटिस. पुढचा शब्द चवीचा. मेलिटस म्हणजे मधासारखी गोड, इन्सिपिडस म्हणजे बेचव, पाण्यासारखी. जुन्या काळी युरोपातले डॉक्टर लघवीची चव घेऊन निदान करायचे, त्यातून ही नावं पडली. आपल्याकडच्या वैद्यांनी जास्त शहाणपणाचा मार्ग काढला होता. लघवीला मुंग्या लागतात का, ते बघायचं. आयुर्वेदात प्रमेहाच्या प्रकारांमध्ये उदकमेह सांगितला आहे, त्याचं वर्णन स्वच्छ, थंड, वास नसलेली, पाण्यासारखी आणि भरपूर लघवी असं आहे. आजच्या आजाराशी ते बरंच जुळतं.

नावाच्या या घोटाळ्यानं जीव गेल्याचंही उदाहरण आहे. २००९ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात भरती असलेल्या २२ वर्षांच्या तरुणाला हाच आजार होता. त्याला रोजचं औषध मिळालं नाही, पाणीही पुरेसं मिळालं नाही. तहानेनं कासावीस होऊन त्यानं वॉर्डातून पोलिसांना फोन लावला होता. तो वाचला नाही. अशा प्रकारांमुळे जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये या आजाराचं नावच बदलायचं ठरवलं. मेंदूकडून कमतरता असेल तर 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी' आणि किडनी दाद देत नसेल तर 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स'. रिपोर्टवर एव्हीपी-डी किंवा एव्हीपी-आर असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नये, आजार तोच आहे. मात्र जुनं नाव अजून सर्रास चालतं.

शरीरात नेमकं काय बिघडतं

दोन्ही किडन्या मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. एवढं सगळं बाहेर पडलं तर माणूस तासाभरात संपेल. म्हणून त्यातला बहुतेक भाग किडनी परत रक्तात ओढून घेते आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. शेवटच्या टप्प्यातलं पाणी किती वाचवायचं आणि किती सोडायचं, हे ठरवणारा संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत साठवला जातो आणि अंगातलं पाणी कमी होतंय असं दिसलं की रक्तात सोडला जातो. तो किडनीपर्यंत पोचला की तिथल्या नळ्यांना पाणी परत घ्यायचे दरवाजे उघडतात.

हा निरोप निघालाच नाही, किंवा निघाला पण किडनीनं ऐकला नाही, तर पाणी सरळ वाहून जातं. पहिल्याला सेंट्रल प्रकार म्हणतात, दुसऱ्याला नेफ्रोजेनिक. दोन्हीत दिसायला एकच चित्र असतं. दिवसाला ३ लिटरपेक्षा जास्त लघवी, आजार तीव्र असेल तर १० ते १५ लिटर किंवा त्याहूनही जास्त. रंग जवळजवळ पाण्याचाच. पुष्कळांना थंडगार पाणीच हवंसं वाटतं. तहान ही इथं खोड नसते. वाहून गेलेलं भरून काढायची शरीराची ती एकमेव वाट असते. त्यामुळे 'जास्त पाणी पितो म्हणून लघवी होते' असं समजून पाणी तोडणं हा या आजारातला सर्वांत घातक घरगुती उपाय आहे. पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही, रक्तातलं सोडियम चढत जातं, माणूस चिडचिडा होतो, गुंगीत जातो, झटके येऊ शकतात.

डोक्याचा मार, गाठ, गोळ्या आणि घराणं

सेंट्रल प्रकाराची कारणं बहुतेक मेंदूशी निगडित. पिट्युटरीजवळची गाठ, त्या गाठीचं ऑपरेशन, मेंदूचा टीबी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच स्वतःच्या पेशींवर केलेला हल्ला. काही रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. त्यांना पुढची काही वर्षं पुन्हा एमआरआय करायला सांगतात, कारण बारीक गाठ कधी कधी नंतर दिसते.

खान्देशात डोक्याचा मार हे कारण विसरून चालणार नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि विनाहेल्मेट मोटारसायकलींचे अपघात इथं नवीन नाहीत. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला पहिल्या काही दिवसांत एकदम लघवी वाढते. पुष्कळदा ती आपोआप कमी होते, काहींची कायम राहते. आयसीयूत कॅथेटरची पिशवी तासातासाला भरत असेल तर नातेवाइकांनी 'लघवी साफ होतेय, चांगलं आहे' असं समजून गप्प बसू नये, नर्सला दाखवावं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर तर कधी लघवी वाढते, मग काही दिवस उलट अगदी कमी होते आणि नंतर पुन्हा वाढते. मधल्या दिवसांत 'बरा झाला' समजून घरी नेण्याची घाई महागात पडते.

घोणस चावल्यानंतर पिट्युटरी ग्रंथीला इजा होते हे भारतातल्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. तिथं मात्र बहुतेक वेळा ग्रंथीचा पुढचा भाग जातो आणि थकवा, बीपी कमी होणं, पाळी बंद होणं अशी लक्षणं येतात. डायबेटिस इन्सिपिडस त्यातून क्वचितच होतो.

नेफ्रोजेनिक प्रकारात मोठ्या माणसांमध्ये पहिला प्रश्न विचारायचा तो लिथियमचा. मूड फार वर-खाली जाण्याच्या मानसिक आजारात हे औषध वर्षानुवर्षं चालतं आणि काहींच्या किडनीवर असा परिणाम होतो. म्हणून ते स्वतःच्या मनानं बंद करायचं असंही नाही, तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा. रक्तात कॅल्शियम फार वाढणं किंवा पोटॅशियम फार कमी होणं यानंही असंच होतं, आणि ते दुरुस्त झालं की लघवी बहुधा ताळ्यावर येते.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. जन्मजात नेफ्रोजेनिक प्रकार बहुतेक मुलग्यांना होतो, कारण दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. बाळाला वारंवार ताप, उलट्या, शौचाला खडा, वजन वाढत नाही, लंगोट सतत चिंब, आणि दुधापेक्षा पाणी दिलं की शांत होतं. आईच्या माहेरी एखादा भाऊ किंवा मामा तान्हेपणी 'तापानं' गेला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. या बाळांना आईचं दूध फार मोलाचं, त्यात किडनीवर पडणारा क्षारांचा भार कमी असतो.

आणखी एक दुर्मिळ प्रकार नात्यातल्या लग्नांमुळे लक्षात ठेवायला हवा. मुलाला लहानपणीच साखरेचा डायबेटिस झाला, मग नजर कमी होत गेली, पुढे कानांनी कमी ऐकू यायला लागलं आणि लघवीही खूप होते, असं असेल तर वोल्फ्राम सिंड्रोमची शंका घेतात. आई-वडील दोघांकडून दोष आला तरच तो होतो. अशा मुलाची शुगर ताब्यात असूनही लघवी थांबत नसेल, तर फक्त इन्सुलिन वाढवत बसण्यात अर्थ नसतो.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतही हा आजार तात्पुरता उद्भवू शकतो. वार म्हणजे प्लासेंटा एक द्रव्य तयार करते आणि ते आईचं व्हॅसोप्रेसिन मोडून टाकतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो जातो. 'पोटुशी बाई आहे, लघवीला जाणारच' हे खरं असलं तरी बादलीनं पाणी पिणं हे त्यात बसत नाही.

आधी मोजा, मग धावा

किती वेळा लघवी होते हे सगळे सांगतात. किती होते, हे कुणी सांगत नाही. सगळा फरक त्यातच आहे. प्रोस्टेट वाढलेले आजोबा रात्रीतून सहा वेळा उठतात, पण दर वेळी थोडीशीच होते. लघवीच्या जंतुसंसर्गातही तसंच, वर जळजळ. डायबेटिस इन्सिपिडसमध्ये दर वेळी भरपूर होते. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी एक दिवस काढून सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतची सगळी लघवी एका मापाच्या डब्यात किंवा लिटरच्या रिकाम्या बाटल्यांनी मोजावी. पाणीही मोजावं. वहीत वेळ लिहावी. हा कागद डॉक्टरच्या हातात पडला की अर्धं काम होतं.

पुढची पायरी तालुक्याच्या लॅबमध्येच होते. उपाशीपोटी शुगर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लघवीची साधी तपासणी. लघवीच्या रिपोर्टमध्ये 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' नावाची एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीतही ती १.००५ च्या खाली आणि साखर निरंक असेल, तर शंका बळावते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी, कारण त्यांनीही लघवी वाढते.

पक्कं निदान मोठ्या हॉस्पिटलात होतं. 'वॉटर डिप्रायव्हेशन' चाचणीत काही तास पाणी न देता दर तासाला वजन, लघवी आणि रक्त तपासतात, मग डेस्मोप्रेसिन देऊन लघवी घट्ट होते का ते बघतात. झाली तर सेंट्रल, नाही झाली तर नेफ्रोजेनिक. काही ठिकाणी कोपेप्टिन नावाच्या रक्त तपासणीचाही आधार घेतात. ही पाणी तोडायची चाचणी घरी करून बघायची नाही, कुणी सांगितलं तरी नाही. वजन ठराविक मर्यादेपेक्षा उतरलं किंवा सोडियम चढलं की हॉस्पिटलात ती लगेच थांबवतात, घरी ते कळायला मार्ग नाही. सेंट्रल निघाला की पिट्युटरीचा एमआरआय करावाच लागतो.

चाचणीतून तिसरीच गोष्ट निघू शकते. माणूस खरोखरच सवयीनं किंवा मानसिक कारणानं जास्त पाणी पितो, मेंदू आणि किडनी दोन्ही ठीक आहेत. अशा माणसाला डेस्मोप्रेसिन दिलं तर ते धोक्याचं ठरतं, म्हणूनच चाचणी टाळून थेट गोळी सुरू करू नये.

गोळी छोटी, हिशेब मोठा

व्हॅसोप्रेसिन प्रयोगशाळेत बनवून दाखवणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात थोडा बदल करून तयार झालेलं, जास्त वेळ टिकणारं औषध म्हणजे डेस्मोप्रेसिन, आणि १९७० च्या दशकापासून सेंट्रल प्रकारावर तेच मुख्य औषध आहे. ते गोळीत मिळतं, नाकात मारायच्या स्प्रेमध्ये मिळतं. 'मिनिरिन' हे त्याचं एक परिचित नाव. स्प्रेच्या मानानं गोळीचा डोस कैक पटींनी मोठा असतो, त्यामुळे एक संपलं म्हणून दुसरं परस्पर घ्यायचं नाही. ०.१ मिलिग्रॅम आणि १०० मायक्रोग्रॅम हे एकच, हेही लक्षात असू द्यावं. काही स्प्रे फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, ते खोक्यावर वाचावं. पत्र्याच्या घरात, उन्हाळ्यात, खिडकीत ठेवलेल्या औषधाचा भरवसा धरू नये.

तालुक्याच्या मेडिकलवर हे औषध नेहमी असेलच असं नाही. जळगाव किंवा धुळ्याहून मागवावं लागतं, म्हणून शेवटची पट्टी सुरू होण्याआधीच ऑर्डर द्यावी. हेच औषध मुलांच्या अंथरुणात लघवी होण्यावरही देतात. त्यामुळे कुणी 'रात्री एकच घ्या, पाणी कमी प्या' असं सांगेल. तो सल्ला त्या तक्रारीचा आहे, या आजाराचा नाही.

पण औषध सुरू झालं की पाण्याचा नियम बदलतो, आणि इथंच घरचे गोंधळतात. औषधाआधी पाणी कधीच तोडायचं नाही. औषध चालू असताना तहान लागेल तेवढंच प्यायचं, जुन्या सवयीनं किंवा 'ऊन आहे, पी अजून' म्हणून ढोसायचं नाही. कारण आता किडनी पाणी धरून ठेवते, जास्तीचं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं. डोकं दुखणं, मळमळ, ओकारी, बरळणं, झटके ही त्याची चिन्हं. असं झालं तर पुढचा डोस न घेता थेट हॉस्पिटल गाठावं. पुष्कळ डॉक्टर आठवड्यातून एकदा डोस मुद्दाम उशिरा घ्यायला सांगतात. भरपूर लघवी होऊन साठलेलं पाणी निघून जातं आणि मगच पुढची गोळी. आपल्याला ते लागू आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं.

नेफ्रोजेनिक प्रकारावर डेस्मोप्रेसिनचा बहुधा उपयोग होत नाही. तिथं मिठावर ताबा हेच मोठं औषध. जितकं मीठ पोटात, तितकी लघवी जास्त. खान्देशी ताटात शेवभाजी, पापड, लोणचं, ठेचा हे सगळं खारट, म्हणजे हा ताबा बोलायला सोपा, पाळायला अवघड. जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी गोळी देतात. लघवी वाढवणारी गोळी लघवी कमी करायला, हे ऐकून मेडिकलवालाही चक्रावतो, पण या आजारात ती खरंच लघवी घटवते.

मदत कुठं

सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. मोजलेल्या लघवीचा कागद तिथं दाखवता येतो. पुढे जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथं मेडिसिन विभागाच्या ओपीडीत जावं. या आजाराचे खास डॉक्टर म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट. सरकारी मोठा विभाग हवा असेल तर मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलात आहे. भुसावळ-जळगाव-चाळीसगावहून रेल्वेनं दादरला उतरलं की परळ जवळच. पिट्युटरीच्या रुग्णांची तिथं सवय आहे. जाताना जुने सगळे रिपोर्ट, एमआरआयची फिल्म आणि लघवीची वही सोबत हवी.

पैशाचं म्हणाल तर ऑपरेशन किंवा भरतीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे अंगीकृत हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघेल अशी आशा धरू नये, योजना भरती उपचारांसाठी आहे. अपंगत्वाच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही, त्यामुळे याच नावानं दाखला मिळत नाही. गाठीमुळे नजर गेली असेल तर त्या कारणानं मात्र अर्ज करता येतो. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. पथक आलं की शिक्षिकेनं अशा मुलाचं नाव पुढे करावं.

शाळेत या मुलाला दोन सवलती लागतात. बाकावर पाण्याची बाटली, आणि न विचारता लघवीला जायची मुभा. मुलींच्या बाबतीत दुसरी जास्त महत्त्वाची. स्वच्छतागृह बंद किंवा घाण असेल तर मुली पाणीच पीत नाहीत, आणि या आजारात तसं करणं थेट दवाखान्यात नेतं. पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकांकडे द्यावी. निर्जळी उपवास किंवा रोजा धरायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तिथं या माणसाचं पिण्याचं पाणी घरात वेगळं भरून ठेवावं लागतं, आणि टँकरच्या रांगेत तो दुसऱ्यांच्या दुप्पट पाणी का मागतो, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. एसटीनं लांब जायचं तर दाराजवळची सीट घ्यावी आणि कंडक्टरला बसतानाच सांगावं.

जुलाब-उलट्या, अपघात, ऑपरेशनआधी उपाशी ठेवणं, बेशुद्धी, ही खरी धोक्याची वेळ, कारण तेव्हा रुग्ण स्वतः पाणी मागू शकत नाही. कोणतं सलाइन आणि किती वेगानं, हे सोडियम तपासूनच ठरवावं लागतं. नेहमीचं खारट सलाइन जोरात सोडलं तर नेफ्रोजेनिक रुग्णात सोडियम उलट आणखी चढू शकतं. १०८ ची गाडी आली की पहिल्यांदा आजाराचं नाव सांगावं, आणि 'शुगर नाही' हेही. पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, लॅमिनेशन केलेला एक कागद ठेवावा. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत एवढंच : "मला डायबेटिस इन्सिपिडस आहे. ही साखरेची बिमारी नाही. माझं पाणी बंद करू नका. माझं रोजचं औषध चुकवू नका. सोडियम लगेच तपासा." खाली औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा आणि घरचा फोन नंबर. एक प्रत मोटारसायकलच्या डिकीत, एक शाळेच्या दप्तरात.